पिशवी भरली, बोलणं राहिलं

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होते. लांबलचक घंटा वाजते, मुलं बाकाखाली बसतात, मग डोक्यावर दप्तर धरून रांगेनं मैदानात येतात. मी हजेरी घेते आणि सगळे आहेत, असं मुख्याध्यापकांना सांगते. एका वर्षी सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुमच्या घरी पण असं करता का?" मी हसून वेळ मारून नेली. घरी असं काही नव्हतं. घरी होती ती मी एकटीनं भरलेली एक पिशवी, आणि त्या पिशवीवरून नवरा-बायकोत होणारी कुरबूर.

त्या मुलीला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहिते आहे. पूर, भूकंप, दरड यांसाठी घरात काय काय ठेवावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण ज्याच्यासोबत संसार करतो तो माणूसच 'काही होत नाही' म्हणत असेल, तर त्याला सोबत कसं घ्यायचं, हे कोणत्याच यादीत नसतं. शिक्षक खोलीत आम्ही बायका यावर खूप बोलतो. बहुतेक जणींचं म्हणणं एकच, 'आमचे हे ऐकतच नाहीत.' मीही तेच म्हणत होते. आता थोडं वेगळं म्हणते.

माझं माहेर पाटणचं, सातारा जिल्ह्यातलं. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला भूकंप वेगळा शिकवावा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या आत तो मोठा धक्का बसला, तेव्हा माझी अम्मी सात वर्षांची होती. कोयनानगर जवळजवळ सगळं कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दिवस रमजानचे होते. अम्मी सांगते की नानी सहरीसाठी उठून चुलीपाशी बसली होती, म्हणून भांडी पडायला लागल्याबरोबर ती ओरडली आणि सगळे अंगणात पळाले. गल्लीत ज्या घरी कुणी जागं नव्हतं, तिथं ओरडायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतर आमच्या घराला काही सवयी लागल्या, त्या आजही आहेत. झोपायच्या खोलीत डोक्याच्या वर फळी नाही. जड पेट्या माळ्यावर नाहीत, जमिनीवर. टॉर्च उशाशी, चपला पलंगाखाली. कोयनेत आजही बारीकसारीक धक्के बसतात. माहेरी त्याची बातमी होत नाही, फार तर "भांडी वाजली का?" एवढं विचारतात. या सवयींना कुणी 'तयारी' म्हणत नव्हतं. ते घराचं वळण होतं.

२००६ साली लग्न होऊन मी सांगलीत आले. सांगलीकर नदीकाठचा. त्याला जमीन हलण्याचं भय नाही, त्याचं लक्ष पाण्याकडे. पावसाळ्यात इथं दोन माणसं भेटली की तब्येतीआधी "आयर्विनला किती?" हे विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

आमच्या घरात मात्र आणखी एक आकडा होता. २००५ च्या महापुरात आयर्विनला पाणी चोपन्न फुटांच्या आसपास गेलं होतं आणि तेव्हा ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. माझ्या नवऱ्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मी फक्त ऐकलेलं. त्यामुळे पावसाळ्याआधी मी कागदपत्रांचा विषय काढला की ते म्हणायचे, "पाचच्या पुरात नाही आलं, आता काय येतंय? अल्लाह है ना, क्यों घबराती?" सासूबाई वरून म्हणायच्या, "बरसात के दिनों में बुरा मुँह नक्को खोलो." मी डोंगरातली, घाबरट, ते नदीवाले, अनुभवी. असा तो हिशेब होता.

मग मी एकटीनं तयारी केली. शाळेच्या एका जुन्या दप्तरात आधार कार्डं, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, माझी बी.एड.ची प्रमाणपत्रं, निकाहनामा, घराची कागदपत्रं, टॉर्च, चणे-गूळ, खजूर आणि मुलांच्या कपड्यांचे दोन जोड भरले. मला वाटलं, झालं काम.

२०१९ चा ऑगस्ट आला. पाऊस थांबत नव्हता, धरणांतून पाणी सुटत होतं, आयर्विनचा आकडा चढतच होता. मी पिशवी दाराशी आणून ठेवली आणि मिरजेला माझ्या नणंदेकडे जाऊ म्हणून मागे लागले. मिरज उंचावर आहे. ते म्हणाले, "दुकानात जाऊन येतो, मग बघू." त्यांचं शिलाईचं दुकान आहे. बकरी ईद १२ ऑगस्टला, म्हणजे हंगामाचेच दिवस. ते गेले आणि मी फोनची वाट बघत बसले. एक तास, दोन तास. फोन लागेना. सासूबाईंचे गुडघे दुखरे, मुलं सात आणि अकरा वर्षांची. शेजारचे टेम्पोत बसून निघाले, "चला येताय का?" म्हणाले. मी म्हटलं, "यांचा फोन येऊ दे."

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. माझ्याजवळ पिशवी होती, टेम्पो होता, जायला जागा होती. फक्त नवऱ्याला न विचारता घर सोडायचं की नाही, हे आमच्यात कधी ठरलं नव्हतं. ते कमरेइतक्या पाण्यातून परत आले, तोवर गल्लीतून वाहन निघण्याजोगं राहिलं नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे चढलो. ती रात्र तिथं काढली. सासूबाईंची शुगर वाढली, कारण त्यांच्या गोळ्या उशाजवळच्या डब्यात खाली राहिल्या होत्या. मी एकटीनं भरलेल्या पिशवीत मला माहीत होत्या तेवढ्याच वस्तू होत्या. दुसऱ्या दिवशी एका तरुण मंडळाच्या पोरांनी होडीतून आम्हाला बाहेर काढलं. त्या पोरांची नावंही विचारायची राहिली. अल्लाह त्यांना सुखी ठेवो.

त्या पुरात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. म्हणजे २००५ ची खूण तीनेक फूट बुडाली. सांगलीत आणि कृष्णाकाठच्या गावांत कितीतरी माणसं त्याच जुन्या खुणेवर भरवसा ठेवून थांबली होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना नेणारी बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लेकरं जास्त होती. त्या बोटीत चढलेली माणसं बेफिकीर नव्हती, निघायलाच निघाली होती. पण पाण्यानं वेढल्यावर निघणं आणि रस्ता कोरडा असताना निघणं, यात फार फरक आहे.

आम्ही ईदची नमाज मिरजेत पढलो. पाहुण्यांच्या घरात आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. मला म्हणायचं होतं, "मी सांगत होते ना!" आणि पुढचे काही महिने मी ते म्हणतही राहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही. बरोबर ठरलेल्या माणसाची टोचणी चुकलेल्या माणसाला आणखी गप्प करते. वर्गात मी हे रोज बघते. चुकलेल्या मुलाला चारचौघांत चूक दाखवली तर तो चूक सुधारत नाही, वही लपवतो.

मी धर्माचाही आधार घेऊन पाहिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असं सांगितल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ह. यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य साठवायला लावलं. ह. नूह (अ.) यांची नौका पाऊस पडायच्या आधी बांधली गेली, तेव्हा लोक हसत होते. आणि त्यांचा मुलगाच नौकेत आला नाही, मी डोंगरावर चढून वाचेन म्हणाला. २००५ ला पाणी आलं नव्हतं म्हणणाऱ्यांत आणि त्या मुलात मला फार अंतर वाटत नाही. तवक्कुल म्हणजे हातपाय न हलवता बसणं, असं कुठंही सांगितलेलं नाही. हे सगळं मी जेवताना ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि उठायचे. त्यांचं तोंड बंद झालं, मन वळलं नाही. दीन वापरून आपल्या माणसाला निरुत्तर करणं सोपं असतं, पण निरुत्तर झालेला माणूस आपल्या सोबत येतोच असं नाही.

बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रं पाठ करायला लावली होती. त्यातलं पहिलं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा, मग नव्याकडे न्या. वीस वर्षं वर्गात हे करते. घरी मात्र मी उलटं करत होते. मला माहीत असलेली भीती घेऊन मी बोलायला सुरुवात करत होते, आणि त्यांना काय माहीत आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

२०२० च्या सुरुवातीला एका रात्री मी दोष न देता पहिल्यांदा साधा प्रश्न विचारला, "त्या दिवशी दुकानात नेमकं काय करत होता?" ते बराच वेळ बोलले. ईदची शंभरएक गिऱ्हाइकांची कापडं दुकानात होती. कुणाच्या मुलीचा शरारा, कुणाचा निकाहचा सूट. ती सगळी त्यांनी वरच्या फळीवर चढवली. शिलाईची मोटर सोडवून बांधली. पिको मशीन एकट्याला उचललं नाही, ते गेलं. मग म्हणाले, "लोगों की अमानत थी. छोड़ के कैसा आता?"

मी त्यांना बेफिकीर समजत होते. पण ते माझ्याइतकेच घाबरलेले होते, फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी. माझ्या पिशवीत लेकरांचे दाखले होते, त्यांच्या अमानतीला जागा नव्हती. मी 'निघू या' म्हणायचे, तेव्हा त्यांना ऐकू यायचं 'दुकान सोड'. ते थेट सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हते. 'अल्लाह है ना' हे त्यांचं उत्तर नव्हतं, विषय टाळण्याची ती एक सोय होती.

म्हणून माझं आजचं मत असं आहे. घरची तयारी म्हणजे वस्तूंची पिशवी नव्हे. पाणी यायच्या आधी दोघांनी मिळून केलेला ठराव म्हणजे तयारी. कधी निघायचं, कोण काय उचलणार, आणि एक जण घरी नसेल तर दुसऱ्यानं कुणाला न विचारता निर्णय घ्यायचा, या तीन गोष्टी ठरलेल्या असल्या तर रिकाम्या हातानंही माणूस वाचतो. त्या ठरलेल्या नसल्या तर भरलेली पिशवी दाराशी राहते. जोडीदार ऐकत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला किंवा तिला कुठलीतरी दुसरी जबाबदारी धरून ठेवत असते. ती कोणती आहे ते आधी शोधावं.

कुरआनमध्ये लेकराचं दूध सोडवण्याच्या संदर्भातही आईबापांनी आपसांतल्या रजामंदीनं आणि सल्ल्यानं ठरवावं असं आलं आहे. दूध सोडवण्याएवढ्या घरगुती गोष्टीत मशवरा लागतो, तर घर सोडण्याच्या गोष्टीत तो का नको? आपल्याकडे मशवरा म्हणजे पुरुषानं ठरवायचं आणि बाईनं हो म्हणायचं, असा अर्थ होऊन बसला आहे. किंवा माझ्यासारखीनं एकटीनं पिशवी भरून इतरांना घाबरवायचं. हे दोन्ही मशवरे नव्हेत.

आम्ही ठराव केला तो वहीच्या एका पानावर मावतो. धरणाच्या विसर्गाची बातमी आणि आयर्विनचा आकडा यांच्याकडे त्यांनी लक्ष ठेवायचं, कारण ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कोयना धरण एकशे पाच टीएमसीचं. तिथून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून सांगलीत पोचायला वेळ लागतो. तो वेळ आपला, हे मला त्यांनीच शिकवलं. पस्तीस फुटांना दुकानातली गिऱ्हाइकांची कापडं गठ्ठे बांधून मिरजेला. चाळीसला सासूबाई आणि मुलं मिरजेला, सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा त्यांच्याच हातात. पंचेचाळीसला गॅस बंद, मेन स्विच बंद, धान्य आणि गाद्या वर, घराला कुलूप. आणि खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मी घरी नसलो तर तू ठरव, मला विचारत बसू नको.'

ते शेवटचं वाक्य आमच्या पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. आपल्या समाजात आणि इतरांतही कितीतरी बायका फोनची वाट बघत थांबतात. बुरख्याचा, पाहुण्यांच्या घरी कसं जायचं याचा, 'मागाहून बोलणी खावी लागतील' याचा विचार करतात. नवऱ्यानं हे एक वाक्य कोरड्या दिवसांत, सासूसासऱ्यांच्या समोर म्हणून ठेवलं, तर संकटाच्या वेळी बायकोचे दोन तास वाचतात. बायकोनंही नवऱ्याला तेच म्हणून ठेवावं. माझ्या दागिन्यांच्या डब्यासाठी परत फिरू नका, एवढं सांगायला काय लागतं?

परीक्षा लवकरच झाली. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती, कोरोनाच्या निर्बंधांतली. दुसऱ्याच दिवसापासून पावसानं धुमाकूळ घातला. पस्तीसला कापडांचे गठ्ठे निघाले. त्यांनी स्वतःहून रिक्षा बोलावली. चाळीसला सासूबाई कुरकुरत का होईना निघाल्या. कुलूप लावून आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो तेव्हा रस्ता ओला होता, पण रस्ता होता. त्या वर्षी आयर्विनला पाणी पंचावन्न फुटांच्या आसपास गेलं. आमच्या घरात गुडघाभर आलं. एक कपाट फुगलं, भिंतीचा रंग गेला. पण होडी लागली नाही, गोळ्या चुकल्या नाहीत, कुणाचा शरारा भिजला नाही. आणि मुख्य म्हणजे 'मी सांगत होते' हे कुणालाच म्हणावं लागलं नाही.

पण त्याच रात्री मला माझी स्वतःची चूक कळली. २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही नावं दुसऱ्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळली. मिरजेत बसून मी माहेरी फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. यांनी मला विचारलं, "तुम्हारे अम्मी-अब्बा का क्या ठहरा है? कहाँ जाते वो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठरा वर्षं मी मुलांना बाकाखाली बसवत होते, दोन वर्षं नवऱ्याला समजावत होते, पण माहेरच्या म्हाताऱ्या माणसांशी मी कधी हे बोललेच नव्हते. आमच्या घराला भूकंपाचं वळण होतं, पाण्याचं आणि दरडीचं नव्हतं. आपल्याला माहीत असलेल्या संकटासाठी आपण शहाणे असतो, न पाहिलेल्या संकटाला हसतो. मी सांगलीकरांना हसत होते ते याच चुकीसाठी, आणि तीच चूक माझ्या माहेरी होती. पहाटे अब्बांचा फोन लागला. सगळे ठीक होते. दिवाळीच्या सुट्टीत पाटणला जाऊन आम्ही चौघांनी बसून त्यांचंही एक पान लिहिलं. त्यात सर्वांत उपयोगी सूचना माझ्या नवऱ्याच्या होत्या.

कागदपत्रांबद्दल थोडं वेगळं लिहिते, कारण आपल्या लोकांना ते लवकर पटतं. २०१९ च्या पुरात अनेकांची कागदपत्रं चिखलात गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि घराघरांत जुने दाखले शोधायला सुरुवात झाली. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठं, खरेदीखत कुठं, नावाचं स्पेलिंग कुठं काय. ज्यांचे कागद ऑगस्टमध्ये भिजले होते, त्यांची डिसेंबरमधली झोप उडाली. माझ्या नवऱ्यानं पिशवीत पहिल्यांदा स्वतः हात घातला तो तेव्हा. मूळ कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, झेरॉक्स मिरजेला, फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये, एवढं त्यांनी एका रविवारी केलं. ज्याच्याकडे देण्याघेण्यासारखं काही आहे त्यानं वसीयत लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी शिकवण आपल्याला आहे. मग लिहिलेले कागद कोरडे ठेवणं हाही त्याचाच भाग समजायला हरकत नाही.

जोडीदाराला सोबत घ्यायचं असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. एक, विषय पावसात काढू नका. आकडा चढत असताना सगळे चिडलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये, जेवणं झाल्यावर काढा. दोन, आपली भीती सांगण्याआधी त्यांची काळजी विचारा. दुकान, जनावरं, म्हातारी आई, कर्जाचं वाहन, जे असेल ते. तीन, कामं वाटून द्या, सूचना देऊ नका. ज्याला आकडे कळतात त्यानं आकडे बघावेत, ज्याला औषधं कळतात त्यानं औषधं. स्वतः भरलेल्या पिशवीला माणूस हसत नाही. चार, छोटं सुरू करा. एक टॉर्च, एका कागदावर सहा फोन नंबर, एवढ्यावरही पहिलं वर्ष भागतं. मोबाइल बंद पडला की आपल्याला नवऱ्याचाही नंबर आठवत नाही, म्हणून तो कागद. त्यावर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे दोन नंबर जरूर लिहा. पिशवीत आठवड्याची औषधं, चष्मा, सुट्टे पैसे, मुलींसाठी सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांसाठी खाऊ असू द्या. बाकीचं मागाहून सुचेल.

कुणी म्हणेल, मग सरकारनं काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली, धरणांतलं पाणी केव्हा आणि किती सोडायचं, दरडीखालच्या वाड्यांचं पुनर्वसन केव्हा, ही कामं कुठल्याही नवरा-बायकोनं वहीत लिहून होणारी नाहीत. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. त्याचं पुढं काय झालं हे आपण मतं मागायला येणाऱ्यांना विचारावं. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत पुढचा पावसाळा थांबणार नाही. घरच्या ठरावानं सरकारची जबाबदारी कमी होत नाही. आपली माणसं तोवर वाचतात, एवढंच.

आमचं ते पान आता फ्रिजच्या दारावर आहे. मुलगी कॉलेजात गेली आहे. मागच्या वर्षी तिनं त्यावर पेन्सिलीनं एक ओळ वाढवली, 'मी होस्टेलला असले तर मला फोन करून सांगा, नाहीतर मी घरी यायला निघेन.' आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. बाहेर असलेलं माणूस काळजीपोटी पाण्याच्या दिशेनं येतं, हा विचार तिनं केला. आम्ही ती ओळ पेनानं गिरवली आणि खाली तिघांनी सह्या केल्या. सासूबाईंनी अंगठा नको म्हणून स्वतःचं नाव उर्दूत लिहिलं, हात थरथरत असताना.

या जूनमध्ये तालीम झाल्यावर मी मुलांना एक गृहपाठ देणार आहे. घरी जाऊन अम्मी आणि अब्बांना एकत्र बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, 'तुम्ही दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असाल आणि पाणी आलं, तर आम्हाला कोण नेणार?' जे उत्तर येईल ते वहीत लिहून आणायचं. मराठीत किंवा उर्दूत, कसंही चालेल. उत्तर आलं नाही, दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तर तेही तसंच लिहून आणायचं.